साचा, नोकरी आणि बाबांचा पीएफ

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३६ वर्षांचे आहेत, पिंपरी-चिंचवडला राहतात आणि चाकणच्या एका कंपनीत टूल डिझायनर आहेत. वडील रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. गेली दोन वर्षं पत्रलेखक घरी एचओ प्रमाणात (म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाची चालती मॉडेलं बनवतात. बॉडी रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढायची, आत एखाद्या अमेरिकन मॉडेलची मोटरसह चासी (चाकं असलेला खालचा सांगाडा) बसवायची, मग रंग आणि डिकल (चिकटवायची छापील अक्षरं आणि चिन्हं). आजवर प्रत्येकी १६,००० रुपयांना ६४ इंजिनं विकली. आणखी ३८ जणांनी ५,००० रुपये ॲडव्हान्स दिलाय. त्यांतल्या काहींना आठ महिने झाले आणि आता ते चिडायला लागलेत. इन्स्टाग्रामवर अकरा हजार फॉलोअर आहेत. त्यांना आता नोकरी सोडायची आहे, भोसरीच्या टूलरूमकडून ११ लाखांचा इंजेक्शन मोल्ड (प्लास्टिकच्या बॉडी काढायचा धातूचा साचा) करून घ्यायचा आहे आणि ५०० इंजिनं ९,५०० रुपयांना विकायची आहेत. पैसे वडील पीएफमधून द्यायला तयार आहेत. पत्नीचा विरोध आहे. "तिला यातली मेहनत दिसत नाही," असं ते लिहितात. प्रश्न दोन: नोकरी सोडू का? आणि बायकोला कसं पटवू?

---

तुम्ही पाठवलेले फोटो मी बराच वेळ पाहत होते. सतरा मीटरांहून लांब इंजिन वीस सेंटिमीटरांत उतरवायचं आणि तरी लाँग हूडच्या (केबिनच्या एका बाजूच्या लांब भागाच्या) दारांच्या कड्या वेगळ्या ओळखू यायच्या, हे सोपं नाही. 'जंबो' नावाच्या उपप्रकारातल्या डब्ल्यूडीएम-२ च्या मोठ्या काचा साध्या इंजिनावर बसवायची चूकही तुम्ही केलेली नाही. म्हणून तुमच्या कामाच्या दर्जाबद्दल मी काही बोलणार नाही. बोलायचंय ते हिशेबाबद्दल. तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण ते एकमेकांशेजारी मांडलेले नाहीत.

आधी ते ३८ जण. एका इंजिनाला तुमचे साधारण १८ तास जातात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ६४ इंजिनांना ११५२ तास गेले. दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला अकरा तास. नोकरी आणि लहान मूल सांभाळून एवढा वेळ काढलात, ही मोठी गोष्ट आहे. पण राहिलेल्या ३८ इंजिनांना ६८४ तास लागतील, आणि याच वेगाने ते संपायला चौदा महिने जातील. रांगेतल्या शेवटच्या माणसाला तुम्ही "दोन-तीन महिने" सांगितलेत. हे तुम्ही जाणूनबुजून केलेलं नाही, मला खात्री आहे. हा गुणाकार कधी झालाच नाही, एवढंच. त्या माणसांचे मिळून १,९०,००० रुपये तुमच्याकडे आलेत आणि त्यातले बरेचसे चासी आणि रेझिनवर खर्च झालेत. पत्रात तुम्ही या रकमेला "जमा झालेलं भांडवल" म्हणता. ते भांडवल नाही, देणं आहे. घरात बसून काहीही बनवून विकणाऱ्या प्रत्येकाने, मग ते दागिने असोत, गोधड्या असोत की इंजिनं, माल हातात पडेपर्यंत ॲडव्हान्सकडे उसन्या पैशासारखंच पाहावं आणि तो वेगळ्या खात्यात ठेवावा. आगाऊ पैसे घेऊन मॉडेल काढायची पद्धत ब्रिटनमध्येही आहे. तिथे २०१९ साली अशी एक छोटी कंपनी बंद पडली आणि लोकांचे पैसे अडकले. त्यानंतर गिऱ्हाईक सगळ्याच छोट्या उत्पादकांकडे संशयाने पाहायला लागलं. आपल्याकडे भारतीय इंजिनांचे दर्दी एकमेकांना ओळखतात. इथे एकदा नाव गेलं की ते परत मिळवणं फार अवघड जाईल.

आता नोकरी. समजा तुम्ही उद्या राजीनामा दिलात आणि आठवड्याला ४५ तास याच कामाला दिलेत. तर ही सगळी रांग पंधरा आठवड्यांत संपेल. ऐकायला छान वाटतं, पण सोळाव्या आठवड्याचं काय? पूर्ण वेळ काम केलंत तर महिन्याला दहा इंजिनं सहज होतील. मागणी किती आहे? विकलेली ६४ आणि नोंदवलेली ३८ धरून दोन वर्षांत १०२, म्हणजे महिन्याला चार. तुम्हाला वाटतंय की वेळ कमी पडतो म्हणून धंदा अडलाय. आज तसं आहेही. पण वेळ मिळाला की चार महिन्यांत दुसरी भिंत लागेल, ती गिऱ्हाइकांची. अकरा हजार फॉलोअर हा आकडा इथे मदतीला येत नाही. रेल्वेवर प्रेम करणारी माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत. घाटात मागून बँकर (चढावर गाडी ढकलणारं जादा इंजिन) लागताना खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहणाऱ्यांतली मीही एक आहे. पण घरात रूळ मांडलेत, कंट्रोलर घेतलाय आणि इंजिनावर सोळा हजार खर्च करायची तयारी आहे, अशी माणसं फार थोडी. तुमची १०२ गिऱ्हाइकं हीच तुमची खरी बाजारपेठ आहे. ती लहान आहे म्हणून कमी लेखू नका.

दर कमी केला की मागणी वाढेल, हे तुमचं म्हणणं काही अंशी खरं आहे. पण साच्याचं गणित आपण दोघं मिळून पाहू. ११ लाख भागिले ५०० म्हणजे नगामागे २,२०० रुपये, इथवर तुम्ही केलंय. आताच्या वेगाने ५०० इंजिनं खपायला जवळजवळ दहा वर्षं लागतील. मागणी दुप्पट झाली तरी पाच. आणि १०२ वरच गाडी थांबली तर साच्याचाच खर्च नगामागे १०,७८४ रुपये पडतो, म्हणजे तुमच्या विक्रीच्या दराहून जास्त. तुम्ही टूल डिझायनर आहात. मोल्ड परवडतो तो हजारोंच्या संख्येत, हे तुम्ही मला शिकवावं. कंपनीत दुसऱ्याच्या जॉबसाठी हा हिशेब तुम्ही डोळे मिटून कराल. इथे तो झाला नाही, कारण इंजिन तुमच्या आवडीचं आहे आणि साचा हे तुम्हाला येणारं काम आहे. जे आपल्याला उत्तम येतं तेच उत्तर आहे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

मोठं झालं की सुरक्षित होतं, असंही तुमच्या मनात कुठेतरी आहे. जर्मनीतल्या ग्योपिंगेनची मेर्कलिन ही मॉडेल रेल्वेच्या क्षेत्रातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक, स्थापना १८५९ ची. २००९ साली, म्हणजे ऐन दीडशेव्या वर्षी, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती सावरली आणि आज चालू आहे. पण साचे, कामगार, गोदाम आणि न खपलेला माल यांचं ओझं किती असतं, हे त्यातून कळतं. तुमच्यावर आज यातलं काहीच ओझं नाही. ते अंगावर घ्यायच्या आधी दहादा विचार करा.

साच्यातून निघणार फक्त बॉडी आणि बोगीच्या (डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) बाजू. इंजिन चालवते ती चासी, आणि तुमच्या योजनेतला सर्वांत कच्चा दुवा मला तोच वाटला. "चीनमधून साडेतीन हजारांत मिळेल असं एकाने सांगितलंय," एवढ्याच आधारावर ९,५०० चा दर उभा आहे. डब्ल्यूडीएम-२ ची तीन आसांची (म्हणजे चाकांच्या तीन जोड्यांची) बोगी मूळ अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याची. तिच्यातल्या आसांमधली अंतरं सारखी नसतात. सरसकट मिळणाऱ्या सहा चाकी बोगीत आस समान अंतरावर असतात, आणि ज्याने पुणे स्टेशनावर उभं राहून हे इंजिन पाहिलंय त्याला ते पहिल्या नजरेत खटकतं. तुमच्या बाबांना तर खटकेलच. खास तुमच्यासाठी चासी करून घ्यायची तर कारखाना किमान संख्या मागेल आणि पैसे आधी मागेल. त्यावर आयात शुल्क आलंच. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मोटर, गिअर, सर्किट वेगळे मागवले तर प्रत्येकाचं वर्गीकरण वेगळं होऊ शकतं. म्हणून कस्टम्सच्या जाणकाराकडून आजचा दर लेखी घेतल्याशिवाय एकही ऑर्डर देऊ नका. आणि नमुन्याच्या दोन चासी मागवून अठरा इंची वळणावर, चढावर, आठ डबे जोडून तासन्‌तास फिरवा. मॉडेलचा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, मोटरमुळे. परत आलेलं प्रत्येक इंजिन तुमची एक अख्खी संध्याकाळ खातं, आणि ती संध्याकाळ तुमच्या १८ तासांत धरलेली नाही.

सध्याची पद्धतही कायमची नाही. दुसऱ्याच्या मॉडेलची चासी काढून वापरायची, तर तो कारखाना एक लॉट काढतो आणि मग कित्येक वर्षं तेच मॉडेल पुन्हा काढत नाही. एकाच पुरवठादारावर सगळं उभं असलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण शेपवेज. थ्रीडी प्रिंट काढून देणारी ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्यामार्फत आपल्या बॉडी विकणाऱ्या कितीतरी छोट्या मॉडेलकारांची दुकानं एका दिवसात बंद झाली. कंपनी पुढे पुन्हा उभी राहिली, पण मधले महिने त्या माणसांना कुणी भरून दिले नाहीत.

मग करायचं काय? तुमचाच एक आकडा मला फार बोलका वाटला. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की सात-आठ जणांनी नुसती बॉडी मागितली आणि ती तुम्ही ३,८०० ला दिलीत, "पण त्यात मजा नाही". आता हे पाहा. पूर्ण इंजिनात १६,००० पैकी चासीचे ९,०००, रेझिन, रंग, डिकलचे १,८०० आणि पॅकिंग-कुरिअरचे ४०० गेले की ४,८०० उरतात. त्याला १८ तास लागतात, म्हणजे तासाला सुमारे २६७ रुपये. बॉडी किटवर तुमचा खर्च १,१०० आणि वेळ तीन तास. उरतात २,७००, म्हणजे तासाला ९००. शिवाय मोटरची जबाबदारी नाही, तुमचे पैसे चासीत अडकत नाहीत, आणि ज्याच्याकडे एखादं जुनं अमेरिकन इंजिन पडून आहे त्याला कमी पैशात आपली डब्ल्यूडीएम-२ मिळते. तुमच्या कामाचा कणा किट असू द्या. मजा हवी म्हणून वर्षाला बारा-पंधरा पूर्ण इंजिनं करा, आणि त्यांचा दर १६,००० नको, किमान २०,००० ठेवा. काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्यात. नोकरी सांभाळून करताना तुमची अडचण गिऱ्हाईक कमी असण्याची नाही, तास कमी असण्याची आहे.

साच्याची हौस मारायची गरज नाही, फक्त ती लहान करा. बॉडीसाठी प्रिंटर किंवा सिलिकॉन साच्यातलं रेझिन कास्टिंग तुमच्या संख्येला पुरेसं आहे. सिलिकॉनचा साचा काही डझन नगांनंतर झिजतो, पण तेवढेच तुम्हाला हवेत. जाळ्या आणि कठडे पितळी पत्र्यात एच करून (रसायनाने कोरून) घ्या. नेमप्लेट आणि सर्किट बोर्ड करणारे हे काम करतात, आणि प्रिंटपेक्षा ते कितीतरी नाजूक दिसतं. डब्ल्यूडीएम-२ अडीच हजारांहून जास्त बनली आणि देशभरातल्या शेडनी ती आपापल्या रंगांत रंगवली. एकाच बॉडीवर नुसती डिकल बदलून तुम्हाला वर्षानुवर्षं नवा माल काढता येईल. आणि पुढचं इंजिन निवडताना जे मोठी कंपनी कधीच काढणार नाही ते निवडा. माझं मत विचाराल तर कल्याण शेडचं डब्ल्यूसीएएम-३, एसी-डीसी दोन्ही विजेवर चालणारं. मुंबईच्या लाइनी पूर्ण एसी झाल्यावर त्याचं ते वेगळेपण इतिहासजमा झालं, पण ज्यांनी त्याच्यामागे वर्षानुवर्षं प्रवास केला ती पिढी आज कमावती आहे. किंवा त्याहून जुनं, १९२८ साली आलेलं आणि पुढे कसारा आणि खंडाळ्याच्या १:३७ चढांवर मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-१, ज्याला लोक खेकडा म्हणायचे. एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे. टेप आणि कॅमेरा घेऊन जाता येईल इतकं जवळ.

एक गोष्ट खोक्यावर स्पष्ट छापा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात रूळ १९.३ मिलिमीटर रुंद हवेत, आणि मिळतात १६.५ चे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहेत. म्हणजे तुमचं इंजिन प्रमाणात आहे, खालचे रूळ अरुंद आहेत. जाणकाराला हे ठाऊक असतं. नवा माणूस मात्र घरी मोजपट्टी लावतो आणि फसवल्यासारखा फोन करतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. "चाळीस लाखांच्या आत उलाढाल, म्हणून जीएसटी नाही," हे तुमचं गृहीतक चुकीचं आहे. ती सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. तुम्ही चेन्नईला, कोलकात्याला पार्सल पाठवता, त्यामुळे नोंदणी करावीच लागते. सीएकडे याच आठवड्यात जा. खेळण्यांवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. तुमचं मॉडेल मोठ्यांच्या छंदाचं आहे हे खोक्यावर लिहा, पण तेवढ्यावर विसंबू नका, बीआयएसकडून लेखी विचारून घ्या. आणि तुमच्या नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय म्हटलंय ते वाचा, विशेषतः भोसरीची ती टूलरूम तुमच्या कंपनीचंही काम करत असेल तर.

आता घरातलं. तुम्ही लिहिता, तिला मेहनत दिसत नाही. पण त्याच परिच्छेदात तिचे तीन प्रश्नही आहेत: प्रिंटरचा वास मुलीच्या खोलीत का येतो, लोकांचे पैसे परत कधी करणार, आणि बाबा आजारी पडले तर काय. यातला एकही प्रश्न मेहनत न दिसणाऱ्या माणसाचा नाही. पहिल्याला तर मी तिच्याहून कडक उत्तर देईन. न सुकलेलं रेझिन त्वचेला अपाय करतं, त्याची वाफ आणि धुण्याच्या अल्कोहोलची वाफ बंद खोलीत साचते. चार वर्षांची मुलगी झोपते त्या खोलीत हा प्रिंटर एक दिवसही नको. बंद करता येणाऱ्या बाल्कनीत एक्झॉस्ट लावून ठेवा, नाहीतर एखादा छोटा गाळा भाड्याने घ्या. नायट्राइल हातमोज्यांशिवाय हात लावू नका. तिला पटवण्याचा विचार सोडा. तिला हिशेबाची वही द्या. ती शाळेत गणित शिकवते असं तुम्ही लिहिलंत, आणि मी वर केलेले सगळे गुणाकार तिने कदाचित आधीच केले असतील.

बाबांचे पैसे घेऊ नका. ते मनापासून देतायत हे कळतंय. आयुष्यभर जी इंजिनं उघडली आणि जोडली, ती मुलाच्या हातून पुन्हा घडताना पाहायचं सुख मोठं आहे. पण त्यांच्याकडून पैशांपेक्षा मोलाची गोष्ट मागता येईल. प्रत्येक नवी बॉडी रंगवायच्या आधी त्यांच्यासमोर ठेवा. कुठला पाइप कुठल्या वर्षी बदलला, शेडमध्ये कुठलं दार कायम उघडं असायचं, इंजिन कुठे तेलकट व्हायचं, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. प्रत्येक खोक्यात त्यांच्या माहितीचं एक पान घाला. अशी माहिती चीनच्या कुठल्याच कारखान्याकडे नाही.

नोकरीचा निर्णय एक वर्ष पुढे ढकला. दरम्यान वीस-वीसच्या लॉटमध्ये काम करा. लॉट जाहीर करताना तारीख आपल्या अंदाजाच्या दीडपट द्या, नोंदणीला दहा टक्के घ्या आणि बाकीचे माल निघताना. सहा लॉट वेळेवर गेले, आणि घरखर्चाच्या निम्मे पैसे सलग सहा महिने यातून सुटले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आठवड्यातले तीन दिवस डिझाइनचं कंत्राटी काम आणि उरलेले इंजिनांना, अशी वाट बोलता येईल. तुमच्या कौशल्याला असं काम पुण्यात मिळतं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन जा आणि तिथे आलेली मोठी माणसं काय विचारतात ते ऐका. तुमचं पुढचं गिऱ्हाईक त्यांच्यात असेल.

पण या सगळ्याआधी, या रविवारी, त्या ३८ जणांना एकेक संदेश पाठवा. सगळ्यांना एकच साचेबद्ध मजकूर नको, प्रत्येकाचं नाव घालून. रांगेत तो कितवा आहे, खरी तारीख काय, आणि तीन पर्याय: त्या तारखेपर्यंत थांबा, त्याच पैशात बॉडी किट लगेच घ्या आणि वरचे १,२०० परत घ्या, किंवा पूर्ण पाच हजार परत. बरेच जण किट घेतील असा माझा अंदाज आहे, कारण त्यांनाही इंजिन हवंय, भांडण नकोय. जे परत मागतील त्यांना कारण विचारू नका. पैसे दोन पगारांत फेडा, ज्यांना आठ महिने झालेत त्यांचे सर्वांत आधी, आणि शेवटचे पाच हजार परत जाईपर्यंत नवी नोंदणी बंद ठेवा.